टोमॅटोच्या डोक्यावरून हात

नाही, नाही, तुम्हीच सांगा! पन्नाशी उलटलेल्या, चष्मा लागलेल्या, चार लोकांत बरा मान असलेल्या माणसाने सकाळी उठून, तोंडसुद्धा धुवायच्या आधी, टोमॅटोच्या रोपांच्या डोक्यावरून हात फिरवायचा? हो, हात! असा… हळूच… इकडून तिकडे, तिकडून इकडे. का? तर म्हणे त्यांना वाटतं वारा आलाय, आणि मग त्यांचे देठ मजबूत होतात! अहो, माझी स्वतःची मुलगी शिकायला परगावी असते, ती सुट्टीत घरी आली आणि मी प्रेमाने डोक्यावरून हात फिरवायला गेलो, तर म्हणते, "बाबा, केस विस्कटतात." आणि ही बोटभर उंचीची कार्टी रोज माझ्याकडून लाड करून घेणार, वर मागून सासूबाईंचा आवाज येणार, "जावईबापू, दाबून नका फिरवू हात, रोपं आहेत ती, गिअर नाही!" आणि हे सगळं कशासाठी? टोमॅटोसाठी! बाजारात मिळतात हो टोमॅटो! ढिगाने मिळतात!

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे माझ्या डोक्याची काय अवस्था असते ते कळेल. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. म्हणजे दिवसभर माझ्या शेजारी बसलेला माणूस मला मारायचा प्रयत्न करत असतो आणि मी त्याला 'शाब्बास' म्हणत असतो. खांबाकडे निघालाय, शाब्बास, जरा डावीकडे घ्या… डावीकडे… अहो तो उजवा हात तुमचा! आमच्या गाडीत माझ्या पायाखाली एक वेगळा ब्रेक असतो, म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे, नाहीतर फोटोत असतो. इतकी वर्षं झाली, आता तो पाय माझं ऐकतच नाही. धोका दिसला की आपोआप दाबला जातो. पण घरी? घरी मला ब्रेक दिलेलाच नाही!

संध्याकाळी घरी आलो की मला काय लागतं? काही नाही. एक खिडकी. आमच्या बाहेरच्या खोलीत एकच खिडकी अशी आहे की जिथे ऊन येतं, आणि तिच्यापाशी माझी खुर्ची. तिथे बसायचं, पाय कठड्यावर टाकायचे, हातात चहा, आणि खाली रस्त्यावर लोक गाडी कशी लावतात ते बघून त्यांना मनसोक्त शिव्या द्यायच्या. झालं! एवढंच माझं सुख. कुणाच्या अध्यात ना मध्यात. दारू नाही, पत्ते नाहीत, एक खिडकी. तीसुद्धा बघवली नाही लोकांना!

कारण सासूबाई आल्या. "थोड्या दिवसांसाठी" आल्या. सासरे गेले, मागे त्यांच्या घरातला दिवसभर चढउताराचा जिना सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेना, तिकडे थोरल्या मेहुणीकडे त्यांच्यासाठी नवी खोली बांधायला काढलेली, ती होईपर्यंत आमच्याकडे. मी म्हटलं, या की. घर तुमचंच आहे. हे आपण बोलतो हो! बोलायची पद्धत असते! त्या आल्या, चप्पल काढली, सगळ्या खोलीवरून एकदा नजर फिरवली, घरात बसायला सोफा आहे, पलंग आहे, दिवाण आहे… आणि सरळ माझ्या खुर्चीत! "इथे बरं वाटतंय हो, गुडघ्यांना ऊन मिळतं." मी बायकोकडे बघितलं. बायको पंख्याकडे बघायला लागली.

बरं, नुसती खुर्ची घेतली असती तरी एक वेळ चाललं असतं. त्यांनी माझ्या शिव्याही घेतल्या! आठवडाभर मी मागे उभा राहून बोलत होतो ते ऐकून ऐकून तयार झाल्या. आता मी दारात बूट काढतोय तोच, "आज त्या लाल गाडीवाल्याने क्लच कसा सोडला ते बघायला हवं होतं तुम्ही. गाढव मेला!" अहो, ते वाक्य माझं आहे! मी म्हटलं, "आई, त्याने क्लच नाही, हँडब्रेक सोडला असेल, तुम्हाला वरून काय कळतंय?" तर म्हणतात, "मला वरून कळतं ते तुम्हाला आत बसून कळत नाही, म्हणून तर तुमच्या गाडीला तो पोचा पडलाय." घ्या! रोज हे. चहाच्या आधी एक फेरी, चहानंतर एक. बायको दवाखान्यात काउंटरवर असते, दिवसभर लोकांची तोंडं बघून येते, ती म्हणते, "तुम्ही दोघं भांडा, मी पडते जरा."

आणि यात आमचे साडू. त्यांना मी मनातल्या मनात कृषिमंत्री म्हणतो. घरामागे बाग आहे ना! माणूस इतका गोड, इतका गोड, की फोन ठेवल्यावर कान पुसावा लागतो. "काऽय म्हणताय? बऽऽरं आहे ना? छाऽन, छाऽन!" मी एकदा म्हटलं, नाही हो, ताप आहे. तरी "छाऽन, छाऽन!" तर यांची खोली झाली बांधून. मी मनात म्हटलं, सुटलो! तेवढ्यात हे फोनवर, "असं करू या का? माझ्याकडे घरात ऊन नाही, झाडं आहेत ना दाट, आणि तुमच्या खिडकीत सुरेख ऊन येतं. आईंना विरंगुळा म्हणून टोमॅटोची रोपं तुमच्याकडे करू या. रोपं हाताशी आली की मी गाडी घेऊन येतो, आणि आई आणि रोपं, एकदमच घेऊन जातो!" सासूबाई लगेच, "हो, हो. रोपं झाली की जाईन मी. अर्धवट टाकून कशी जाऊ?" अजून बी मातीत पडलं नाही आणि यांचं अर्धवट!

म्हणजे कळलं का तुम्हाला? माझी खिडकी, माझी खुर्ची, माझी संध्याकाळ, सगळं कशावर अडलंय? तिळाएवढ्या बीवर! ते उगवलं तर सासूबाई जाणार, नाही उगवलं तर राहणार. मी आयुष्यात कधी कोथिंबिरीच्या काडीला पाणी घातलेलं नाही हो! आणि साधा हिशोब आहे, त्या कृषिमंत्र्यांना पिशवीभर टोमॅटो मी घरपोच दिले असते की! बाजारात मिळतात हो टोमॅटो!

तरी गेलो दुकानात. म्हटलं, माती द्या. दुकानदार म्हणतो, "मातीत नका लावू काका, मातीत बी गुदमरतं." मातीत! बी! गुदमरतं! आणि काका कुणाला म्हणतोय? त्याच्या स्वतःच्या भुवया पांढऱ्या! त्याने मला एक वीट दिली. कोकोपीट म्हणे, नारळाच्या सालीचा भुसा, दाबून दाबून बसवलेला. "पाण्यात टाका, फुगेल." टाकली बादलीत. काहीच होईना. सासूबाई म्हणाल्या, "फसवलंन तुम्हाला." मला राग आला, अजून दोन विटा टाकल्या. आणि मग फुगलं ते! बादलीतून वर आलं, खाली आलं, न्हाणीघरभर झालं, बायको दवाखान्यातून आली ती दारातच उभी. म्हणाली, "हे काय आहे?" मी म्हटलं, "तुझी आई जातेय, त्याची तयारी."

मग पेरणी. हात माझे, तोंड त्यांचं. "खोल नको. अहो, एवढं खोल नको म्हटलं ना, बी आहे ते, पुरायचं नाहीये कुणाला!" मी म्हटलं, "मग वरच ठेवतो." "वर कशाला, वाळून जाईल." "मग तुम्हीच या ना!" "माझे गुडघे धड असते तर तुमची मिन्नतवारी केली असती का?" "आई, बी हाताने लावतात, गुडघ्याने नाही!" "बोलायला सांगा यांना. करायला नको." असं करत करत भुसा भरलेले सगळे छोटे कप एका ट्रेमध्ये लागले. ते ठेवायचे कुठे? कृषिमंत्र्यांचा आदेश आला, "ऊब हवी हं बीला, ऊऽब! फ्रिजवर ठेवा, तिथे गरम असतं." झालं! तेव्हापासून आमच्या घरात फ्रिज धाडकन लावायची बंदी. दार दोन्ही हातांनी, श्वास धरून, अलगद… जसं काही आत कुणी निजलंय. मी साधं दूध घेतलं तरी खुर्चीतून आवाज, "हळू!"

आणि एके दिवशी मी भर चौकात, शेजारी शिकणाऱ्या एक शाळेच्या बाई, त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आवळलेलं, समोरून बस येतेय, आणि माझा फोन वाजतो. सासूबाई! "आलं!" मी म्हटलं, कोण आलं? "एक आलं!" "अहो, कोण आलं?" "वाकलेलं आहे, पण आलं!" त्या बाई घाबरून विचारतात, "सर, घरी सगळं ठीक आहे ना?" आणि स्टिअरिंग सोडून माझ्याकडे वळल्या! माझा पाय होता म्हणून वाचलो, नाहीतर टोमॅटोचा जन्म आणि आमचा मृत्यू एकाच मुहूर्तावर झाला असता.

पण खरं सांगू? घरी जाऊन बघितलं, तर बरं वाटलं. इवलासा हिरवा आकडा, डोक्यावर बीचं टरफल तसंच, टोपी घातल्यासारखं. मी म्हटलं, चला, निघाली बाई सासूबाईंची गाडी! ट्रे फ्रिजवरून खाली आला आणि खिडकीत गेला. मी रोज बघायचो, पानं फुटली, जरा धरली… आणि एका सकाळी बघतो तर सगळ्यांनी माना टाकलेल्या! देठ भुशापाशी काळे, बारीक, आणि सगळी रांगेने आडवी. कृषिमंत्री म्हणाले, "पाणी जास्त झालं असणार. असू द्या, असू द्या, छाऽन! परत करा." छान? छान काय त्यात! मी सासूबाईंना म्हटलं, "आई, पाणी तुम्ही घातलंत?" "मी? मला मेलीला उठवतंय कुठे!"

परत वीट. परत बादली. परत फ्रिज. दुसऱ्या खेपेला रोपं उगवली ती उंचच उंच, किडकिडीत, सगळी काचेला नाक लावून. ऊन पुरत नाही म्हणे. घर उन्हात न्यायचं का आता? मग ट्रे रोज फिरवा, खुर्ची मागे सरकवा, म्हणजे सासूबाई खुर्चीसकट खोलीच्या मधोमध आल्या आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गेलो. मग पंखा. रोपांना वारा हवा! माणूस दिवसभर उन्हात गाडीत भाजून निघालाय, त्याने घामाने निथळत उंबऱ्यावर बसायचं, आणि पंखा टोमॅटोवर! आणि तेव्हापासून हे डोक्यावरून हात फिरवणं सुरू झालं. मी म्हटलं, माझ्या डोक्यावरून कुणी फिरवणार आहे का? सासूबाई म्हणाल्या, "तुमचा देठ मजबूत आहे, वाकत नाही तो." एवढं करून, हात फिरवून, पंखा घालून… पुन्हा एका सकाळी सगळी आडवी! देठ काळे! भुसा चिंब!

आता मात्र मला शंका आली. अहो, मी फवाऱ्याने पाणी घालायचो, मोजून मापून, बाळाला औषध पाजतात तसं. मग भुसा चिंब कसा? पाइप गळतोय म्हणून मी खिडकीची चौकट तपासली. वरच्या मजल्यावर जाऊन भांडून आलो! वरचा माणूस म्हणतो, माझ्याकडे आठवडाभर पाणीच नाही. मी म्हटलं, तेच तर, सगळं आमच्या टोमॅटोत आलंय!

तिसरी खेप. या वेळी मी जीव लावला. सासूबाई जाव्यात म्हणून नव्हे… म्हणजे त्यासाठीच, पण आता जिद्दीलाही पेटलो होतो. रोपं धरली, जाडजूड, पानांना हात लावला की तो उग्र वास यायचा टोमॅटोचा, दिवसभर बोटांना राहायचा. आणि त्या दिवशी दुपारी एका शिकाऊ माणसाने तास रद्द केला. मी अचानक घरी. किल्लीने दार उघडलं. बघतो तर काय? ज्यांना उठवत नाही, ज्यांच्या गुडघ्यांसाठी मी माझी खुर्ची सोडली, त्या सासूबाई ताठ उभ्या! हातात माझा पाण्याचा जग! आणि सोडताहेत ट्रेमध्ये धबाबा!

"आई!" मी ओरडलो. जग हिसकावून घेतला. "म्हणजे तुम्ही! आणि मी वरच्या माणसाला जाऊन भांडून आलो! अहो, का? का पण?" त्या बसल्या खुर्चीत. पदराने हात पुसले, बराच वेळ पुसले. मग म्हणाल्या, "पहिल्या वेळेस खरंच चुकून झालं. दोन तांबे पाणी जास्त पडलं. पण जाणं पुढे गेलं, तर मला बरं वाटलं."

मी म्हटलं, "अहो, तिकडे तुम्हाला नवी खोली आहे, तुमचा वेगळा टीव्ही आहे, सगळे किती गोड बोलतात!"

"तेच तर," म्हणाल्या. "तिकडे गेलं की, आई, तुम्ही बसा. आई, तुम्ही राहू द्या. आई, तुमचंच बरोबर. दिवसभर माझंच बरोबर! बाहुलीसारखं बसवून ठेवतात हो. तुमच्या सासऱ्यांशी मी जन्मभर भांडले, ते गेल्यापासून घरात आवाज नाही. इथे निदान तुम्ही तोंडावर म्हणता, तुम्हाला काही कळत नाही. मग मी दिवसभर बसून विचार करते, संध्याकाळी हे आले की यांना काय उत्तर द्यायचं. दिवस जातो."

  मी जग हातात घेऊन उभा. मला वाईट वाटलं. हो, वाटलं! दगड आहे का मी? पण तेवढ्यात वाटलं, नाही, नाही, विरघळायचं नाही, खिडकी, खुर्ची! म्हणून मी म्हटलं, "ते काही नाही. या वेळेस रोपं होणार. पाणी फक्त मी घालणार." त्या म्हणाल्या, "घाला." बस्स. एक शब्द. भांडल्यासुद्धा नाहीत!

आणि झाली हो रोपं! काय झाली! बायकोने फोटो काढून मेहुणीला पाठवले. कृषिमंत्री म्हणाले, "छाऽन, छाऽन, रविवारी येतोच!" पहिल्यांदा त्यांचं छान बरोबर होतं. पण घरात कसली शांतता! मी मुद्दाम ट्रे वाकडा ठेवला, तरी बोलणं नाही. मी मुद्दाम म्हटलं, "तो बघा, त्या लाल गाडीवाल्याने क्लच सोडला." तर म्हणतात, "तुमचंच बरोबर असेल." अंगावर काटा आला माझ्या! बायको म्हणाली, "तुम्हाला हवं होतं ते होतंय ना? मग तोंड का असं?"

रविवार उजाडला. सासूबाई तयार, पिशवी मांडीवर, खुर्चीच्या अगदी काठावर बसलेल्या, पाहुण्यासारख्या. मी सकाळी रोपांच्या डोक्यावरून हात फिरवला, चांगला दाबून फिरवला, म्हटलं आता तरी बोलतील. गप्प! खाली गाडी लागली. कृषिमंत्री उतरले, आईंच्या सीटवर मऊ उशी, पायाखाली दुसरी उशी. "याऽऽ आई, तुम्ही काऽही करायचं नाही हं तिकडे, फक्त आराम!" मी ट्रे उचलला. दोन्ही हातांवर ट्रे, तोंडापुढे रोपं, पुढे सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरताहेत, समोर ती गाडी, दार उघडं, उशी तयार…

आणि माझा पाय दाबला गेला! तुम्हाला शपथेवर सांगतो, मी नाही दाबला. सवय आहे हो त्याला! समोर धोका दिसला की तो दाबला जातो. जिन्यात कसला ब्रेक? पाय अडकला, मी बसलो खाली, आणि ट्रे हवेत. सगळी रोपं जिन्यावरून गडगडत, कप उलटे, भुसा सगळीकडे, आणि शेवटचा कप बरोबर कृषिमंत्र्यांच्या बुटापाशी जाऊन थांबला.

 आणि मग वरच्या पायरीकडे वळून सासूबाई, काय तो आवाज, अख्ख्या जिन्यात घुमला! "असा धरतात ट्रे? दोन्ही बाजूंनी धरायचा असतो, खालून नाही! इतके दिवस बघताय, एवढं कळत नाही तुम्हाला?" मी म्हटलं, "तुम्ही मधेच थांबलात म्हणून झालं हे!" "मी थांबले? मी उतरत होते!" "अशी उतरतात का माणसं? इंडिकेटर नाही, काही नाही!"

कृषिमंत्री मध्ये पडले. "असू द्या, असू द्या, छाऽन! रोपांचं काय एवढं? आई तशाच चला. बाजारात मिळतात हो टोमॅटो!"

आणि तुम्हाला सांगतो, माझं डोकंच फिरलं! मी जिन्यात बसल्या बसल्या ओरडलो, "बाजारात? बाजारातल्या टोमॅटोला चव असते का हो? रबर असतं ते, रबर! तुम्ही स्वतःला बागवाले म्हणवता आणि बाजारातले टोमॅटो खाता? मी रोज सकाळी डोक्यावरून हात फिरवलाय त्यांच्या! रोपं झाल्याशिवाय इथून कुणी कुठे जाणार नाही!" कृषिमंत्र्यांना आयुष्यात पहिल्यांदा छान म्हणायला सुचलं नाही. दोन्ही उशा घेऊन एकटे परत गेले.

वर आलो. गुडघा खरचटलेला, अंगभर भुसा. सासूबाई माझ्याआधी पोचल्या होत्या, त्या गुडघ्यांनी! खुर्चीत पार मागे टेकून बसल्या, पिशवीत हात घातला आणि रुमालाची एक पुरचुंडी काढली. "थोडं बी उरलंय," म्हणाल्या. "आधीच बाजूला ठेवलं होतं." मी म्हटलं, "माझ्या खुर्चीत बसून मला सांगू नका." "तुमची? कधीपासून?"

चाललोय आता वीट आणायला. तुम्ही हसा, हसा. जन्मात एकदा घरात ब्रेक सापडला, दाबला, आणि गाडी माझ्याच दारात बंद पडली.